उलट्या बटणांचा सार्जंट

गल्फमध्ये दोन मराठी माणसं भेटली की तीन प्रश्न ठरलेले. मराठी का? गाव कोणतं? आणि किती वर्षं झाली इथे? आमच्या कंपनीतले शिंपी, मास्तर, पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तर द्यायचे. मराठी, नगर. तिसऱ्याला म्हणायचे, "मी हितं एका वर्षासाठी आलोय."

मी कंपनीत नवीन लागले तेव्हा मला ते खरंच वाटलं. मी म्हटलं, "काही लागलं तर सांगा हं, सुरुवातीला इथे जरा जड जातं." आख्खं वर्कशॉप खो खो हसायला लागलं. मागच्या मशीनवरून एक जण म्हणाला, "मॅडम, हे आले तेव्हा समोरची बिल्डिंग नव्हती." दुसरा म्हणाला, "रस्तापण नव्हता." मास्तर शांतपणे कात्रीला तेल घालत होते. म्हणाले, "एका वर्षासाठीच आलोय. आता ते वर्षच संपंना, त्याला मी काय करू?"

आमची कंपनी युनिफॉर्म शिवायची. हॉटेलं, सिक्युरिटीवाले, नर्सेस, शाळा, सगळ्यांचे. दुबईच्या बर दुबई भागात मीना बाजारच्या एका गल्लीत खाली शेठचं कापडाचं दुकान, वर वर्कशॉप, आणि जिन्याला लागून माझं टेबल. कोटेशन, फोन, कस्टमरची बडबड हे माझं काम. शेठ सिंधी, तोंडाने तापट, मनाने लोण्याचा गोळा. आणि मास्तर कटिंग मास्तर. त्यांचे वडील नगरच्या कॅम्पात सोल्जरांच्या वर्द्या दुरुस्त करायचे, तिथेच मास्तर कात्री धरायला शिकले. वर्कशॉपमध्ये आम्ही मला धरून चौदा माणसं.

माणूस समोर आला की मास्तर त्याच्या चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. आधी खांदे, मग बाही, मग बटणं. चेहरा शेवटी, आठवलं तर. दोन हजार आठ सालच्या डिसेंबरात माझा नवरा मला न्यायला आला होता. मास्तरांनी त्याला एकदा वरून खाली पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, साहेबांचे दोन्ही खांदे पडल्यात. मागच्या महिन्यात शर्टाचं माप घेतलं तवा असं नव्हतं. हापिसात काय झालंय का बगा." मी उडवून लावलं. शारजात अल मजाजच्या आमच्या घरापर्यंतच्या दोन तासांच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत विषय काढला, तर नवऱ्याला सांगावंच लागलं. त्याला हाफ सॅलरीवर टाकून आठ दिवस झाले होते आणि पठ्ठ्याने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. मला नवऱ्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. चौदा वर्षं संसार करून मला जे दिसलं नाही ते टेप गळ्यात अडकवलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात दिसलं.

आता त्यांच्या डब्याबद्दल. गल्फमध्ये घरोघरी बिस्किटांचा तो गोल निळा पत्र्याचा डबा असतो. पोरं आशेनं उघडतात आणि आत सुई-दोरा निघतो. मास्तरांकडेही तो डबा होता. आम्हाला वाटायचं, शिंप्याचा डबा म्हणजे आत सुया असणार. एकदा मी पडलेलं बटण लावायला म्हणून तो उघडला, तर आत फोटो. काळे-पांढरे, कडा कातरलेले, काही दुमडलेले. सगळे गोरे, तरुण, युनिफॉर्ममधले. कोणी विमानाला टेकलेला, कोणी आईच्या खांद्यावर हात टाकलेला, एक जण चक्क शेळी कडेवर घेऊन.

"मास्तर, हे कोण?"

"आपलीच पोरं हायेत," मास्तर म्हणाले. "हा सदाशिव. हा बाळू. ही शेळी धरलेला पांडुरंग. लई वाह्यात."

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या कपड्यांची गोदामं आहेत. अमेरिकेतून गठ्ठेच्या गठ्ठे येतात, इथे निवडले जातात आणि पुढे आफ्रिकेला जातात. मास्तरांच्या गावचा एक माणूस तिथे निवडायला होता. जुन्या कोटांच्या खिशात, पर्सच्या अस्तरात असे फोटो निघायचे. दर शुक्रवारी मास्तर डझनभर समोसे घेऊन तिकडे जायचे आणि फोटो घेऊन यायचे. त्यातही बाकीचे परत द्यायचे. लग्नाचे नकोत, बाळांचे नकोत. अमेरिकेच्या विमानदलातले हवेत, तेही दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतलेच.

मी विचारलं, एवढी चार-पाच वर्षंच का? तर त्यांनी कापड बाजूला सारलं, स्टूल ओढलं आणि मला एक कुटुंबकथा सांगितली.

"अमेरिकेत दोन भाऊ होते बगा. थोरला भूदल, धाकटा विमानदल. एकाच घरात, एकाच पंक्तीला. सत्तेचाळीस साली धाकटा वेगळा निघाला. वाटणी झाली, चूल वेगळी झाली. पण कपडे? कपडे कुठनं आणायचे एका दिवसात, लाखो माणसांना? म्हणून थोरल्याचेच कोट घालून फिरायचे. पुढल्या साली बाहीवरचे पट्टे नवे आले. थोरल्याच्या पट्ट्यांचं टोक वर, धाकट्याचे पंखासारखे पसरलेले, मधी चांदणी. निळा कोट जाहीर व्हायला एकोणपन्नास उजाडलं. अन् तो सगळ्यांच्या अंगावर यायला आणखी दोन-तीन वर्षं. तवर ज्याला जे मिळालं ते त्यानं घातलं. हा सदाशिव बगा. कोट थोरल्याचा, पट्टे धाकट्याचे. म्हंजी अट्ठेचाळीस-एकोणपन्नासचा. हा बाळू. कोट निळा."

"मास्तर, फोटो काळा-पांढरा आहे."

"आवो, बटणं बगा की! पितळी बटण चकाकतं. ह्याची चांदीच्या रंगाची हायेत, दबलेली. बटण खोटं बोलत नाय."

प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने मराठी नाव आणि साल लिहिलेलं. एकावर "बाळू, १९५०, नवा कोट, बाही अर्धा इंच लांब, कुणी शिवला देव जाणे." माझी मुलगी एकदा शाळेला सुट्टी म्हणून माझ्याबरोबर आली आणि दिवसभर त्या डब्यापाशीच बसली. घरी जाताना म्हणाली, "आई, ही नोज देम ऑल! पांडुरंग इज माय फेव्हरेट." माझ्या पोरीच्या तोंडून मराठी नाव निघालं ते अमेरिकन सोल्जरचं. काय बोलणार!

दोन हजार नऊ उजाडलं आणि मंदीत आमचा धंदा झोपला. जी हॉटेलं उघडणार होती ती उघडलीच नाहीत. एका हॉटेलचे दोनशे कोट खिशावर नाव भरून तयार होते आणि हॉटेलच्या जागी नुसता खड्डा. शेठ रोज सकाळी अगरबत्ती लावून फोनकडे बघत बसायचे. शेवटी एके दिवशी सगळ्यांना बोलावून म्हणाले, "देखो, मैं झूठ नहीं बोलूँगा. दो महीने में ऑर्डर नहीं आया तो वर्कशॉप बंद. चौदा टिकट निकालने पड़ेंगे." नवरा अर्ध्या पगारावर, मुलीचं वर्ष मधेच. माझीच काय, सगळ्यांची तीच अवस्था. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की खलास.

आणि ऑर्डर आली. एक लेबनीज साहेब नव्या मॉलमध्ये जुन्या अमेरिकन थाटाचं रेस्टॉरंट काढत होते. वेटरना जुन्या अमेरिकन विमानदलासारखे निळे कोट हवेत. हे चाललं तर आणखी दोन शाखा, त्यांचंही काम आपल्यालाच. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा, जणू सासरी नांदायला गेलेली लेक अचानक दारात उभी राहिली.

साहेबांनी माझ्या टेबलावर एक मोठा प्रिंट उलगडला. एक तरुण सोल्जर, चार बटणांचा कोट, बाहीवर तीन पट्टे. फोटो वाढवून वाढवून कॉलरवरची अक्षरं फुटली होती, पण बाकी झकास. हाच फोटो रेस्टॉरंटच्या भिंतीवर दीड पुरुष उंचीचा लावून झाला होता. "सेम टू सेम लाइक दिस, हबीबी," साहेब म्हणाले. "सेम साइड, सेम स्ट्राइप्स, एव्हरीबडी."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, "हा माणूस उलटा हाये."

मला इंग्लिशमध्ये सांगणं भाग होतं. "सर, ही सेज... द मॅन इज रिव्हर्स्ड."

साहेब लाल झाले. "रिव्हर्स्ड? दॅट इज माय फादर-इन-लॉ!"

"काय म्हणत्यात?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांचे सासरे आहेत ते."

"म्हंजी सासरा उलटा हाये."

हे मी भाषांतरित केलं नाही. पण मास्तर बोटाने दाखवायला लागले. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, इथे उजवी डावीवर आलीय, बाईच्या ब्लाउजसारखी. छातीवरच्या रंगीत फितींची पट्टी डाव्या खिशावर असते, इथे उजव्या. साहेबांनी खांदे उडवले. डिझायनरने मुद्दाम उलटा केला होता, सासरेबुवा दाराकडे बघावेत म्हणून. भिंत झाली, खर्च झाला, सासरेबुवा अमेरिकेहून बारा दिवसांनी येणार, त्यांना पसंत पडलं की उद्घाटन. त्यांचाच पैसा लागलेला. "हू विल सी?" साहेब म्हणाले. "कोट भिंतीसारखेच पाहिजेत. नाहीतर दुसरा टेलर बघतो." आणि गेले.

मग शेठ आणि मास्तर यांचं असं जुंपलं, की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली. "मास्टरजी, कस्टमर बोले उल्टा तो उल्टा! कस्टमर बोले बटन पीठ पे लगाओ तो पीठ पे!" मास्तर एवढंच म्हणत होते, "शेठ, वो बुड्ढा आदमी ख़ुद का कोट पहचानेगा." शेवटी शेठ त्यांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि दार लावलं. दहा मिनिटं आवाज नाही.

शेठ बाहेर आले ते हातात एक चिठ्ठी घेऊन. मला म्हणाले, "लिखो. ऑर्डर गया तो टिकट इस नंबर से निकलेंगे." आणि चिठ्ठीवरून एकेक नाव वाचायला लागले. पहिलं नाव मास्तरांचं.

माझं नाव शेवटून दुसरं होतं. खोटं कशाला बोलू, आधी मला बरं वाटलं. मग लाज वाटली आणि मग शेठचा असा संताप आला, की वाटलं कीबोर्ड फेकावा. ज्या माणसाने तुमचं वर्कशॉप उभं केलं, एवढ्याशा भांडणावरून त्याचंच नाव पहिलं? मी लिस्ट टाइप केली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि त्या दिवसापासून शेठना चहा विचारणं बंद केलं.

मास्तरांना लिस्टचं सांगायची माझी हिंमत नव्हती. पण गप्पही बसवेना. त्यांनी कापड अंथरलं आणि खडूने सुलट्या कोटाच्या रेघा मारायला लागले, तेव्हा मी गेलेच. "मास्तर, एवढं ताणू नका. बटणं कुठल्या बाजूला यावर चौदा घरं टांगलीयत. तुमचंच काही झालं तर?"

"मी तर एका वर्षासाठी आलोय," मास्तर म्हणाले. मग खडू खाली ठेवला. "ताई, फोटो त्याचा हाये. सगळं रेस्टॉरंट त्याच्यासाठी हाये. तो येणार अन् बगणार, की पोरांनी आपल्याला उलटं घातलंय. तोंडावर बोलणार नाय. पण मन उतरंल. मन उतरलेला माणूस दोन शाखा काढत नाय. उलटं शिवलं तर ऑर्डर नक्की जाणार. सुलटं शिवलं तर कदाचित राहील."

मी शेठकडे बघितलं. शेठनी छताकडे बघितलं. कमाल म्हणजे त्यांनी सुलट्या कोटांना एकदाही हरकत घेतली नाही.

एवढ्यावर भागतंय कुठे! मास्तर म्हणाले, "सगळ्यांना तीन पट्टे? सगळेच सार्जंट झाले तर फरशी कोण पुसणार? पट्टे मिळवायला लागत्यात." त्यांनी मला रेस्टॉरंटमधून स्टाफची यादी मागवायला लावली. नाव, माप आणि गल्फमध्ये किती वर्षं. मला वाटलं, काहीतरी व्हिसाच्या कागदांचं असेल. वर्षांप्रमाणे मास्तरांनी एकापासून सहापर्यंत पट्टे वाटले. मॅनेजर दीड वर्षाचा, त्याला एक. आणि यादीत कोट न मागितलेला एक माणूस होता, दत्ताराम, राजापूरकडचा, भांडी घासायला. बावीस वर्षं. मास्तरांनी एक कोट जास्तीचा कापला आणि त्यावर सहा पट्टे लावले.

सासरेबुवा येणार त्या दिवशी मी, शेठ आणि मास्तर तासभर आधीच पोचलो. कोट वाटले. मॅनेजरने आपला एक पट्टा बघितला, दत्तारामचे सहा बघितले आणि त्याला ठसकाच लागला. दत्ताराम "माका नको ओ, माका नको" करत किचनमध्ये पळत होता, त्याला मास्तरांनी बाहीला धरून रांगेत पहिला उभा केला. लेबनीज साहेबांनी रांग बघितली, भिंत बघितली, परत रांग बघितली. बटणं एकीकडे, फोटो दुसरीकडे. ते शेठकडे वळले, आणि तेवढ्यात दार उघडलं.

ऐंशीच्या घरातले उंच गृहस्थ, हातात काठी. मास्तर माझ्या कानाशी कुजबुजले, "डावा खांदा बगा. जरा उतरलेला. फोटोत उजवा उतरलाय. तोच हाये." चौदा नोकऱ्या पणाला लागलेल्या आणि ह्यांना खांदा सुचतोय!

म्हातारबुवा आधी भिंतीपाशी गेले. स्वतःकडे बघत उभे राहिले. त्यांचा हात आपोआप छातीच्या डाव्या बाजूला गेला. मग ते फोटोतल्या छातीकडे बघत राहिले. मग काठी टेकत रांगेकडे आले. मॅनेजरने खाडकन सॅल्यूट ठोकला. मास्तर हळूच पुटपुटले, "आरं, सार्जंटला सॅल्यूट नसतो." म्हातारबुवा हसले, मॅनेजरचा हात हलकेच खाली केला आणि दत्तारामच्या समोर थांबले. त्याच्या बाहीवरचे पट्टे बोटाने मोजले. सहा.

"हाउ मेनी इयर्स?" त्यांनी विचारलं.

दत्ताराम घामाने भिजला होता. "ट्वेंटी टू, सर."

म्हातारबुवा जावयाकडे वळले आणि म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, मराठीत सांगते. "मी चार वर्षं घरापासून लांब होतो. घराच्या आठवणीने रडायचो. तीन पट्टे घेऊन पळालो परत. हा बावीस वर्षं आहे." मग काठीने भिंतीकडे दाखवलं. "ही सगळी पोरं बरोबर आहेत. चुकीचा मीच आहे तिथे. मला सरळ कर."

शेठ मटकन खुर्चीत बसले. मला रडू आलं, आणि रडताना हसूही. मास्तर? ते त्या म्हातारबुवांच्या अंगावरच्या कोटाची बाही चिमटीत धरून बघत होते. "चांगलं कापड हाये," म्हणाले, "पण शिलाई यथातथाच."

चार दिवसांत भिंत बदलली. सरळ केल्यावर सार्जंट आता दाराकडे बघत नव्हता, भांडी घासायच्या खिडकीकडे बघायचा. दत्ताराम म्हणायचा, "बघता बघता लक्ष ठेवता माझ्यार." दोन शाखांचं काम आलं. एकही तिकीट निघालं नाही. मी ड्रॉवरमधली लिस्ट काढली, तिचे बारीक बारीक तुकडे केले आणि त्या दिवशी शेठना चहा विचारला.

तीनेक वर्षांनी मास्तरांची साठी आली. साठीनंतर आमच्यासारख्या कंपनीत व्हिसा वाढवून मिळणं मुश्कील. शेठनी खूप धडपड केली, जमलं नाही. निरोपाच्या दिवशी कोणीतरी भाषण सुरू केलं, "इतकी वर्षं..." तर मास्तरांनी त्याला अडवलं, "आरं, किती इतकी? एकच." सगळे हसले. जाताना निळा डबा माझ्या हातात दिला. "पोरीला द्या. तिला पांडुरंग आवडतो. अन् सुया ठेवू नका त्यात."

घरी आल्यावर मुलीने डबा उघडला. सदाशिव, बाळू, पांडुरंग शेळीसकट. सगळ्यांत खाली मापाच्या वहीचं एक पान होतं, चौघडी घातलेलं. एका बाजूला रेस्टॉरंटची यादी, नावं आणि वर्षं. दुसऱ्या बाजूला आमची. चौदा नावं, मास्तरांच्या पेन्सिलीतली, प्रत्येकापुढे वर्षं, जास्तीपासून कमीपर्यंत. माझ्यापुढे पाच. सगळ्यांत वर त्यांचं स्वतःचं नाव, आणि पुढे स्पष्ट आकड्यात: ३१. खाली एक ओळ होती. "ज्याला जास्त पट्टे, तो आधी जाणार."

मी तिथेच उभ्या उभ्या शेठना फोन लावला. शेठनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "हाँ, वो चिठ्ठी मास्टरजी ने ही दी थी. बोले, मेरी ज़िद से ऑर्डर गया तो पहला टिकट मेरा. इस शर्त पे मैंने कोट काटने दिया. तुमने लिख लिया तो मैंने उसी दिन वापस कर दी. तुमको बताने को मना किया था."

ज्या शेठना मी तेव्हा चहा विचारला नव्हता, त्यांची मी माफी मागितली. मग नगरला फोन लावला. मास्तरांनी उचलला आणि मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. तुम्ही सांगायचं नाही का, मी शेठना काय काय समजत होते, तुमचंच घर उघड्यावर आलं असतं तर काय केलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "आणि मास्तर, तुम्ही त्यात एकतीस लिहिलंय! आता बोला!"

"एकच लिहायचं होतं, ताई," मास्तर म्हणाले. "घाईत आधी तीन पडला असंल."